डावा, उजवा, उजवा, डावा

पाचशे पोरांना एका शिट्टीत सरळ रांगेत उभं करणारा माणूस बाराशे दोऱ्यांना घाबरेल काय? तुम्हीच सांगा! दोरा उलटून बोलत नाही. दोरा बुटाची नाडी सुटली म्हणून रांग सोडत नाही. दोऱ्याचे वडील दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन येत नाहीत! म्हणून विणकामाच्या बाई जेव्हा मला म्हणाल्या, "काका, दुहेरी विणीच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका, भलेभले रडलेत," तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाई, ते रडणारे वेगळे. मी कवायतीचा मास्तर आहे!"

 बाई तीस-बत्तीसच्या असतील, आवाज इतका हळू की वर्गात शेवटच्या बाकावर ऐकूसुद्धा जाणार नाही. असल्या आवाजाच्या माणसाचं मी फारसं मनावर घेत नाही.

आता हा माग घरात आला कसा, ते आधी सांगतो. मी निवृत्त झालो. शाळा सुटली, पण शिट्टी सुटेना. घरातल्या चपला मापाप्रमाणे लावून झाल्या, स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून झाले, मग लेकीने माझं नाव परस्पर विणकामाच्या क्लासात घातलं. पहिल्या दिवशी मी रागावूनच गेलो. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं आधी गेलो. सहा महिन्यांत चार पंचे आणि एक मफलर विणला, आणि बाईंनी क्लासातला एक जुना माग घरी वापरायला दिला.

माग म्हणजे केवढा असतो, याची कल्पना नसलेल्या माणसाने तो घरी आणू नये. मी आणला. तो दिवाणखान्यात मावेना, झोपायच्या खोलीत शिरेना. शेवटी मावला तो हिच्या शिवणाच्या खोलीत. ही म्हणजे आमची बायको. ती आजूबाजूच्या लोकांचे कपडे शिवते, अगदी नेटकं काम. तिचं मशीन मी मोठ्या शिस्तीत उचलून पॅसेजमध्ये ठेवलं, न्हाणीघराच्या दाराशी. त्या दिवशी ती काही बोलली नाही. बोलली ती पुढच्या रविवारी, जावईबापूंसमोर.

झालं असं, की लेकीने नवीन मोठा पलंग घेतला होता. मी जेवता जेवता जाहीर केलं, "त्यावरची पांघरायची चादर मी विणणार! दोन मीटर रुंद!"

जावईबापू इंजिनियर. त्यांनी घास हातातच ठेवला. "पण बाबा, तुमचा माग एक मीटर रुंदीचा आहे ना?"

"आहे."

"मग दोन तुकडे विणून मधे शिवणार?"

"मधली शिवण टोचते," लेक म्हणाली.

"शिवण नाही! जोड नाही! एक मीटरच्या मागावर दोन मीटरची अखंड चादर!"

"हे शक्यच नाही," जावईबापू म्हणाले, आणि बोटाने ताटाच्या कडेला आकृती काढू लागले.

तेव्हा ही म्हणाली, "झाली अखंड, तर माग राहू द्या. नाही झाली, तर माग क्लासात परत आणि माझी खोली मला परत. दोन महिने देते. बोला, आहे कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. त्या वेळी मला वाटलं, यात घाबरण्यासारखं काय आहे? घाबरायला पाहिजे होतं, कारण एव्हाना त्या लाकडी धुडावर माझा जीव जडला होता. सकाळी उठून त्याच्यासमोर बसलं नाही, तर दिवस उगवल्यासारखा वाटत नव्हता. पण पैज लावून बसलो होतो, आणि माघार घेणं आमच्या रक्तात नाही.

बाई घरी आल्या आणि त्यांनी दुहेरी वीण समजावून सांगितली. तुम्हालाही दोन वाक्यांत सांगतो, सोपं आहे. मागावर एकाच वेळी दोन कापडं विणायची, एक वर, एक खाली, घडी घातलेल्या वर्तमानपत्रासारखी. उजवीकडे दोन्ही जोडलेली, डावीकडे मोकळी. मागावरून काढलं की पान उलटल्यासारखं उलगडायचं, झाली दुप्पट रुंद चादर! त्यासाठी पायाखाली चार पॅडल. डाव्या पायाची दोन वरच्या कापडाची, उजव्या पायाची दोन खालच्या कापडाची.

"आणि क्रम पक्का लक्षात ठेवा, काका," बाई म्हणाल्या. "डावा, उजवा, उजवा, डावा. वरच्या कापडात एक फेरी, खालच्यात जाताना-येताना दोन, मग पुन्हा वर एक. हे चुकलं तर सगळं चुकलं. थोडे दिवस पायांकडे बघत विणा."

"पायांकडे?" मला हसूच आलं. "बाई, तीस वर्षं मी मुलांना एकच सांगत आलो. समोर बघ! पायाकडे बघणारा अडखळतो! पायांचं मला नका शिकवू."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग निदान दर वितीला डाव्या कडेत बोट घालून बघत जा. बोट आत गेलं पाहिजे."

बाराशे दोरे ओवायलाच अठरा दिवस गेले. त्यातले आठशे हिने ओवले, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या बोटांना दोरा सापडेना, आणि मी दोऱ्याला "सावधान!" म्हणून पाहिलं तरी तो वाकडाच! ही मशीनवरचं काम बाजूला ठेवून यायची, आणि एकेक दोरा जिथल्या तिथे जायचा. मी मागे उभा राहून नुसता आकडे म्हणायचो. "तुम्ही आकडे नाही म्हटलेत तरी चालेल," ती म्हणाली. पण माणसाने मदतीत कमी पडू नये.

मग विणायला सुरुवात झाली. पहिली वीत बाईंच्या देखरेखीखाली. डावा, दोरा नेणारा धोटा इकडून तिकडे. उजवा, धोटा तिकडून इकडे. उजवा. डावा. फणीने दोरा ठोक! अंगाला घाम फुटला. धोट्याच्या चाळीस फेऱ्यांना एक तास लागला. एका हाताने डोकं खाजवत दुसऱ्या हाताने पोट चोळावं, तसली कसरत! पण वीत पूर्ण झाली, मी डाव्या कडेत बोट घातलं आणि ते सरळ आत गेलं.

"छान," बाई म्हणाल्या. "असंच चालू द्या." आणि त्या गेल्या.

पुढे चार दिवस मी चाचपडत होतो, कापड जेमतेम बोटभर सरकलं. पाचव्या दिवशी सकाळी मात्र चमत्कार झाला! पाय आपोआप चालू लागले. धोटा सपसप पळू लागला. फणीचा ठोका असा पडू लागला की जणू मैदानावर ढोल वाजतोय. मी पाठ ताठ केली, नजर समोरच्या भिंतीवर ठेवली आणि विणत सुटलो! काय सांगू तुम्हाला, एवढा आनंद मला निवृत्तीनंतर कधी झाला नव्हता. जेवायला बोलावलं तरी ऐकू यायचं नाही. वीत वीत कापड तयार व्हायचं आणि पुढच्या रुळावर गुंडाळलं जायचं. मला वाटलं, हेच ते! यालाच म्हणतात हात बसणं, म्हणजे पाय बसणं!

बोट घालून बघायचं राहिलं का? अहो, एकदा परीक्षा पास झालेल्या माणसाने रोज परीक्षेला बसायचं का? तरीही बाईंचा मान ठेवावा म्हणून मी एकदा हिला हाक मारली. मला लय मोडायची नव्हती, म्हणून तिलाच मागाच्या पुढे उभं केलं, माझ्याकडे तोंड करून.

"उजवी कड बघ. बंद आहे?"

तिने चाचपून पाहिलं. "बंद आहे."

"शाबास! आता डावी. मोकळी आहे ना?"

"नाही हो. हीसुद्धा बंद आहे."

मी हसलो. ज्याने आयुष्यभर रांगेकडे तोंड करून हुकूम दिले, त्याला असल्या चुका शेंबड्या पोरांइतक्या ओळखीच्या असतात. "अगं, तू माझ्यासमोर उभी आहेस. तुझी डावी ती माझी उजवी! तू पुन्हा बंद कडच बघितलीस."

"मी दोन्ही कडा बघितल्या."

"म्हणजे एकच कड दोनदा बघितलीस. पहिलीतली मुलंसुद्धा अशीच गोंधळतात. आता असं कर, मागे वळ, दोन पावलं माझ्याकडे ये, पुन्हा वळ..."

तिने माझ्याकडे बघितलं. मग कापडाकडे बघितलं. "बरं," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर माणसाला बायकोचं 'बरं' कळायला हवं. मला फणीचा ठोका सोडून काही ऐकू येत नव्हतं.

दोन महिने पूर्ण व्हायच्या बरोब्बर एक दिवस आधी चादर संपली. रविवारी सगळ्यांना बोलावलं. लेक आली, जावईबापू मापाची पट्टी खिशात घालून आले, विणकामाच्या बाईही आल्या. आमच्याच पलंगावरचं सगळं काढून गादी मोकळी केली. मी कापड मागावरून सोडवलं आणि गुंडाळी दोन्ही हातांवर घेऊन अशा थाटात चालत आलो, की जावईबापू नकळत उभे राहिले.

"बसा, बसा," मी म्हणालो. "आता बघा. डावी कड धरायची आणि पान उलटायचं!"

पहिली वीत उलटली. सुरेख! लेकीने टाळीसुद्धा वाजवली. आणि पुढे कापड उलटेना.

"अडकलंय कुठेतरी," मी म्हणालो. "जावईबापू, तुम्ही तिकडून धरा. मी इकडून. एक, दोन, खेच!"

खेचलं. चादर ताणली गेली आणि आम्ही दोघं एकमेकांच्या जवळ आलो. उलगडली मात्र नाही.

"अजून जोरात! खेच!"

"बाबा, फाटेल!" लेक ओरडली.

"थांबा, मी बघतो अडकलंय कुठे," जावईबापू म्हणाले, आणि इंजिनियर माणूस, मोबाइलचा दिवा लावून त्या वितीच्या तोंडातून आत शिरले! आधी डोकं, मग खांदे. मग कंबर गेली. पलंगावर चादरीखाली एक मोठा फुगवटा सरकू लागला.

"काय दिसतंय?" मी बाहेरून विचारलं.

"काही नाही," आतून आवाज आला. "डावीकडे भिंत. उजवीकडे भिंत. पुढे उजेड दिसतोय!"

आणि दुसऱ्या टोकाने जावईबापूंचं डोकं बाहेर आलं. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावर. "बाबा," ते म्हणाले, "ही चादर नाही. हा बोगदा आहे."

 बाई पुढे झाल्या. त्यांनी दोन्ही कडांवरून बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. मला वाटलं, आता ह्या रागावणार.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "अडीच मीटर नळी. सलग. चुकीतसुद्धा एक चूक नाही. मागावर बसून दाखवता का जरा, पाय कसे चालवता?"

मी गेलो, बसलो. दोरे नव्हते, नुसतेच पाय चालवायचे होते. "नजर समोर!" मी स्वतःलाच बजावलं आणि सुरुवात केली. खट, खट, खट, खट. काय लय! मागे दारात उभ्या जावईबापूंचेही पाय हलू लागले.

"आता खाली बघा," बाई म्हणाल्या.

मी खाली बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

डावा, उजवा, डावा, उजवा. डावा, उजवा, डावा, उजवा.

माझे पाय परेडला निघाले होते! वर, खाली, वर, खाली, धोटा आपला गोल गोल फिरत बसलेला, आणि मी भिंतीकडे बघत, छाती पुढे काढून, दोन्ही कडा टाचत गेलेलो! तीस वर्षं ज्या पायांना मी एकच गोष्ट शिकवली, त्या पायांनी तीच गोष्ट इमानाने केली होती. त्यांना बोल लावायला मला तोंड नव्हतं.

"मी दोनदा सांगितलं होतं," ही म्हणाली. "कड बंद आहे म्हणून."

"मग तिसऱ्यांदा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला मागे वळायला लावत होतात."

 मी मागावरून उठलो आणि पलंगाच्या कडेवर येऊन बसलो.  लेक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे बाबा, थंडीत आत शिरून झोपू आम्ही." जावईबापू म्हणाले, "एका वेळी एकच माणूस मावेल." त्यांच्यावर लेकीने डोळे वटारले.

तेवढ्यात ही कात्री घेऊन आली.

"अगं, काय करतेस!" मी ओरडलो. "बाराशे दोरे आहेत ते! मागे फिर! थांब!"

ती थांबली नाही. तिने डाव्या कडेला, खरोखरच्या डाव्या कडेला, कात्री लावली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापत गेली. मी डोळे मिटून घेतले. कापड कापल्याचा आवाज मला दात ओढल्यासारखा वाटला. मग ती सगळं गोळा करून पॅसेजमध्ये गेली. न्हाणीघराच्या दाराशी मशीन घरघरलं. सुटे दोरे आत दुमडून तिने दोन्ही कडांना पट्टी मारली, आणि वीस मिनिटांत, वीसच मिनिटांत बरं का, ती चादर घेऊन आली आणि पलंगावर झटकून पसरली.

दोन मीटर रुंद. मधे शिवण नाही. जोड नाही. जावईबापूंनी पट्टी लावून पाहिलं. बरोब्बर दोन मीटर!

"आई, कमाल केलीत तुम्ही!" जावईबापू म्हणाले.

"काय सुंदर कड मारलीय," बाई म्हणाल्या. "कुठे ओढ नाही, सुरकुती नाही. मला शिकवाल का?"

लेक तर आईच्या गळ्यातच पडली. सगळे चादरीभोवती उभे राहून कडेचं कौतुक करत होते. मधलं कापड कुणी विणलं, हा विषयच निघाला नाही. मी दोनदा खाकरून पाहिलं.

पाहुणे गेले. मी पाना घेतला आणि मागासमोर बसलो. चादर झाली होती, पण ती कात्रीने आणि मशीनने झाली होती, माझ्याने नव्हे. पैज म्हणजे पैज. मुलांना मी कधी अर्ध्या गुणाने पास केलं नाही, मग स्वतःला कसं करू? पहिल्या पॅडलचा नट फिरवला. आणि खरं सांगतो, मला रडू आलं. बाई म्हणाल्या होत्या भलेभले रडतात, पण ते वीण अवघड म्हणून. मी रडत होतो ते उद्या सकाळी इथे बसायला मिळणार नाही म्हणून. उद्या उठून मी काय करायचं? कुठे बसायचं? पॅडल निघून हातात आलं. पावलाच्या घासण्याने त्याचं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"ते परत लावा," दारातून आवाज आला. ही उभी होती.

"पैज हरलोय मी. खोली तुझी."

"पॅसेजमध्ये उजेड बरा येतो. लावा म्हणते ना!"

"अगं, पण न्हाणीघराच्या दारात..."

"सवय झालीय मला. माग इथेच राहू द्या. आणि आता पडदे विणायला घ्या. दुहेरी विणीचेच. अवघडात अवघड असेल ते करा."

माझा ऊर भरून आला. मी पाना खाली ठेवला. पस्तीस वर्षांच्या संसारात या बाईने मला असं कधी काही म्हटलं नव्हतं! "एवढं फसल्यावरही," मी म्हणालो, "माझ्या कलेवर तुझा एवढा विश्वास?"

"कलेचं राहू द्या हो," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्यावर बसलात ना, की सगळे हुकूम पायांना सोडता. दोन महिने मी माझ्या घरात हवी तशी उभी राहिले, हवी तशी बसले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

 मी पॅडल परत लावलं आणि नट घट्ट केला.

तेव्हापासून पडदे विणतोय. आता पायांकडे बघत विणतो, त्यामुळे मान दुखते आणि काम गोगलगाईच्या चालीने होतं. त्यावर हिची काही तक्रार नाही, उलट "सावकाश होऊ द्या" म्हणते. अकरा खिडक्यांचे पडदे सांगितलेत तिने. आमच्या घराला खिडक्या सहाच आहेत, हे अजून मी तिच्या लक्षात आणून दिलेलं नाही.